सिमेंट कोणतं घेऊ, त्याआधी तराई कशी करणार ते ठरवा

भाऊ, तुम्ही विचारलेलं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. वणीजवळच्या खेड्यात ९०० चौरस फुटांचं, एका मजल्याचं स्लॅबचं घर बांधायचं आहे. गावावरून रोज सिमेंटचे ट्रक जातात. जगभरच्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटमधून येतो हे वाचल्यापासून, निदान आपल्या घरापुरता तरी तो कमी व्हावा असं तुम्हाला वाटतंय. मिस्त्री म्हणतो ५३ ग्रेडच आणा, पीपीसी म्हणजे राख मिसळलेला कच्चा माल. मुलगा म्हणतो वीज केंद्राची राख जवळपास फुकट मिळते, तीच मिक्सरमध्ये टाकू. आणि तुम्ही दुकानात ‘ग्रीन’ छापलेली बॅग शोधताय.

माझं मत सरळ सांगतो. बॅग साधी पीपीसीच घ्या. राख स्वतः मिसळू नका. मिस्त्री चुकतोय, पण त्याची भीती अगदीच खोटी नाही. ती कशामुळे आहे ते कळलं की निम्मं काम झालं.

कार्बन येतो कुठून ते आधी बघू. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. हा वायू कोळशाचा नाही, दगडाच्या पोटातलाच. आपल्याकडे कोरपना, गडचांदूर, घुग्घूस पट्ट्यातले कारखाने हेच करतात. चुनखडीत थोडी माती आणि लोहयुक्त माल मिसळून १४५० अंश सेल्सिअसला भाजतात, त्याचे गोटे होतात, ते क्लिंकर. एक टन क्लिंकरमागे साधारण ०.८५ टन कार्बन डायऑक्साइड निघतो. त्यातला ०.५ टनाहून थोडा जास्त दगडातून, उरलेला इंधनातून. म्हणून कारखान्याने कोळशाऐवजी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या काड्यांच्या) ब्रिकेटा जाळल्या, वाया जाणाऱ्या उष्णतेवर वीज केली, तरी फायदा इंधनाच्या वाट्यापुरताच. दगडातला वाटा हलत नाही. आपल्याला विचारायचं ते एवढंच, की बॅगेत क्लिंकर किती आणि घरात बॅगा किती.

ओपीसीत, म्हणजे मिस्त्रीच्या ५३ ग्रेडमध्ये, सुमारे ९५ टक्के क्लिंकर आणि बाकी जिप्सम. पीपीसीत आयएस १४८९ या भारतीय मानकाप्रमाणे १५ ते ३५ टक्के राख चालते. बाजारातल्या बहुतेक मालात ती ३० च्या आसपास असते आणि टक्का बॅगेवर छापलेला असतो, तो वाचा. स्लॅग सिमेंट, म्हणजे पीएससी, यात पोलाद कारखान्याचा स्लॅग २५ ते ७० टक्क्यांपर्यंत चालतो. भिलाईच्या बाजूने येणारा माल नागपूर, भंडारा, गोंदियाकडे सहज मिळतो, तुमच्याकडे मिळेल की नाही ते दुकानदारावर. राख आणि स्लॅग कशाच्या तरी मागे उरलेला माल आहे, म्हणून त्यांचा कार्बन शून्य धरला आणि दळण्याची वीज मिळवली, तर ५० किलोच्या एका बॅगेमागे ढोबळ हिशोब असा येतो: ओपीसी ४२-४३ किलो, पीपीसी ३० च्या आसपास, भरपूर स्लॅगवालं पीएससी २० च्या आसपास.

९०० फुटांच्या कॉलम-बीमच्या घराला फुटामागे ०.४ बॅग धरली तर ३६० बॅगा लागतात. ओपीसीऐवजी पीपीसी घेतली की बॅगेमागे १२ किलो, म्हणजे सगळे मिळून चार टनांवर कार्बन वाचला. तोही वरचा पैसा न देता, उलट पीपीसी बहुधा थोडी स्वस्तच पडते. ‘ग्रीन’ छापाबद्दल एवढंच बघा, की त्या बॅगेवर आयएस १४८९ लिहिलंय का. असेल तर ती पीपीसीच आहे. हिरव्या रंगाचे जास्तीचे पैसे कशाला द्यायचे?

आता मिस्त्रीची भीती. पीपीसी सुरुवातीला हळू चालते, हे खरं आहे. प्रमाणपत्रातले किमान आकडेच बघा: ५३ ग्रेडला तीन दिवसांत २७ आणि सात दिवसांत ३७ मेगापास्कल (दाब सोसण्याच्या ताकदीचं माप), पीपीसीला १६ आणि २२. (बाजारातली पीपीसी यापेक्षा बरीच वर असते, पण हळू ती असतेच.) कारण असं, की क्लिंकर पाण्याशी मिळून घट्ट होतो तेव्हा त्यातून मोकळा चुना सुटतो. राख हा चुना खाऊन त्याचाच आणखी चिकट माल बनवते. पण हे काम सावकाश, आठवडेच्या आठवडे चालतं आणि त्याला सतत ओलावा लागतो. ओलावा मिळाला तर दोन-तीन महिन्यांनी पीपीसीचं काँक्रीट ओपीसीच्या बरोबरीला येतं आणि पाणी कमी झिरपू देतं. ओलावा तिसऱ्या दिवशी तुटला तर राख नुसती बारीक भुकटी म्हणून आत पडून राहते. मग तुम्ही ५० किलो सिमेंट घेतलं खरं, पण कामाला आलं ते ३२-३३ किलोच.

थोडक्यात, पीपीसीत वाचलेला कार्बन ही उधारी समजा. फेड तराईनेच, म्हणजे काँक्रीट सतत ओलं ठेवण्यानेच होते. विदर्भात ती फेडणं पुण्या-कोकणापेक्षा अवघड आहे, कारण एप्रिल-मेमध्ये ४४-४५ अंशांत आणि कोरड्या वाऱ्यात स्लॅबचा वरचा अर्धा इंच दुपारपर्यंत पापडासारखा वाळतो. हा अर्धा-पाऊण इंच म्हणजेच सळाखीवरचं कव्हर. ते सच्छिद्र राहिलं की हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरतो, काँक्रीटचा सळाख सांभाळणारा गुण जातो आणि गंज सुरू होतो. वीस वर्षांत स्लॅबचे पोपडे पडले आणि नवीन टाकावा लागला, तर वाचवलेले चार टन कधीच गेले.

काँक्रीटचं मानक आयएस ४५६ सांगतो की ओपीसीला किमान ७ दिवस, राख किंवा स्लॅगवाल्या सिमेंटला किमान १० दिवस ओलं ठेवा, आणि अशा सिमेंटला १४ दिवसांपर्यंत वाढवलं तर बरं. आपल्याकडे उन्हाळ्यात १४ हाच आकडा धरा, त्यात घासाघीस नको.

ते करायचं कसं? सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे वेळापत्रक. स्लॅब सप्टेंबर-ऑक्टोबरात पडेल अशी आखणी करा, हवा ओली असते, विहिरीला पाणी असतं. अडचण एवढीच, की तेव्हा सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणी असते, मजूर मिळत नाही. मग आधीच बोलून ठेवा. डिसेंबर-जानेवारीतही चालतं, पण रात्री पारा आठ-दहावर उतरला की पीपीसी अजून सुस्तावते. सेंट्रिंग, म्हणजे खालचे टेकू-पत्रे, चार-पाच दिवस जास्त ठेवावं लागतं.

मे महिन्यातच टाकायचा असेल तर काम ऊन उतरल्यावर, चारनंतर सुरू करा आणि लाइटाची सोय आधी करा. गिट्टीच्या ढिगावर आदल्या संध्याकाळी पाणी मारा, पाण्याचा ड्रम सावलीत ठेवा, सेंट्रिंगच्या पत्र्यावर भरण्याआधी पाणी शिंपडा पण डबकं राहू देऊ नका. काँक्रीट मिक्सरमधून निघताना ४० अंशांच्या वर नको. वरचं फिनिशिंग झालं, पृष्ठभागाची ओली चमक गेली, की लगेच प्लास्टिकचा कागद अंथरा. दोन-तीन तासांत पडणाऱ्या कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा याच वेळच्या असतात. त्या सिमेंट वाईट म्हणून पडत नाहीत. वारा पाणी ओढून नेतो म्हणून पडतात. मिस्त्री मात्र दोष पीपीसीला देतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्लॅबवर मातीच्या किंवा कमी सिमेंटच्या मसाल्याच्या पाळी घाला, वाफे साधारण दहा बाय दहा फुटांचे, पाणी दीड इंच. ९०० फुटांवर दीड इंच म्हणजे पहिल्या भरणीला ३,२०० लिटरच्या आसपास. मे महिन्यात रोज बोटभर पाणी उडतं, म्हणजे रोजचे आठशे-नऊशे लिटर वर टाकावे लागतात. चौदा दिवसांचे चौदा-पंधरा हजार लिटर झाले, तीन टँकर. एवढं पाणी नसेल तर पाळी सोडा. ओला बारदाना अंथरा, त्यावर प्लास्टिक, कडेला विटा ठेवा. दिवसातून दोनदा प्लास्टिक उचलून बारदाना ओला करा. पाणी बरंच कमी लागतं आणि काम तितकंच होतं. पूर्वेकडे बारदान्याऐवजी धानाची तणस वापरतात, तीही चालते, फक्त वाऱ्याने उडते.

आणि कॉलम विसरू नका. स्लॅबवर सगळ्यांचं लक्ष असतं, कॉलमवर मात्र दिवसातून एकदा पाइप फिरवला की झालं म्हणतात. उभ्या पृष्ठभागावर पाणी थांबत नाही. कॉलमला बारदाना गुंडाळा, सुतळीने बांधा आणि वरून पाणी सोडा. घराचं वजन त्यांच्यावर आहे.

सेंट्रिंगचं. आयएस ४५६ मध्ये साध्या ओपीसीला साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्यात स्लॅबखालचे टेकू ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४, सहा मीटरपर्यंतच्या बीमखाली १४ दिवस असं आहे, आणि दुसऱ्या सिमेंटला हे वाढवा असंही म्हटलंय. पीपीसीला मी छोट्या गाळ्याचा स्लॅब १०-१२ दिवस आणि बीम १८ ते २१ दिवस धरतो. मिस्त्रीचा ५३ चा आग्रह बहुतेक वेळा इथून येतो, कारण बल्ल्या-पत्रे लवकर सुटले की ते पुढच्या साइटवर भाड्याने जातात. त्याचं पोट त्यावर आहे, त्यात रागावण्यासारखं काही नाही. बोलणी करतानाच सांगा की आठ दिवसांचं जास्तीचं सेंट्रिंग भाडं मी देईन, आणि ते कागदावर घ्या. पीपीसीबद्दलचा निम्मा विरोध तिथेच मावळतो.

आता मुलाचा मुद्दा. वीज केंद्रातून राख दोन तऱ्हेने निघते. एक कोरडी, धुराड्याआधीच्या गाळणीत पकडलेली, पिठासारखी बारीक. दुसरी पाण्यातून तलावात सोडलेली, ती तलावाची राख. ट्रॅक्टरने गावात येते ती जवळपास नेहमी दुसरी. ती जाड, ओली, अर्धजळल्या कोळशाचे कण असलेली, आणि चुना खाण्याची तिची ताकद फार कमी. काँक्रीटसाठी आयएस ३८१२ कोरडी राख मागतो. तिचे ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांहून जास्त कण अडकता कामा नयेत, आणि जाळून पाहिल्यावर ५ टक्क्यांहून जास्त वजन घटता कामा नये. कोळशाचा कण पाणी पितो, मग मिस्त्री पाणी वाढवतो. शिवाय पीपीसीत राख आधीच आहे, वरून पुन्हा टाकली तर सुरुवातीची ताकद फारच खाली येते. राख काँक्रीटमध्ये टाकायची तर ओपीसी, तपासलेली कोरडी राख, लॅबचा मिक्स आणि वजनाने माप, हे चारही लागतात. रेडीमिक्सवाले करतात ते. अर्ध्या बॅगच्या मिक्सरवर ते होत नाही.

तलावाच्या राखेला दुसरी कामं आहेत. जोत्याच्या भरावात थर देऊन, पाणी मारून धुमसली तर छान बसते, वर मुरमाचा थर द्या. आणि राखेच्या विटा. चंद्रपूर, नागपूर भागात त्यांचे कारखाने पुष्कळ आहेत. भट्टीची लाल वीट कोळशावर भाजावी लागते, राखेची लागत नाही. घेताना दोन विटा एकमेकींवर ठोका, खणखणीत आवाज यायला हवा. छातीच्या उंचीवरून कडक जमिनीवर टाकली तर तुकडे होऊ नयेत. नखाने ओरखडा पडत असेल तर ती कच्ची आहे. कारखान्यात किती दिवस तराई दिली ते विचारा. घाईत आणलेली वीट भिंतीत आकसते आणि प्लास्टरला भेगा पडतात. लाल विटेसारखी ती हौदात भिजत ठेवू नका, लावण्याआधी वरून पाणी शिंपडलं तरी पुरे.

आता पाण्याकडे येतो, कारण बॅगा इथे सगळ्यात जास्त वाया जातात. आपल्याकडे एम-२० दर्जाचं काँक्रीट म्हणजे सिमेंट, रेती, गिट्टी १:१.५:३, घनमीटरला साधारण ८ बॅगा. हे प्रमाण मुळात उदार आहे, मोजमापातल्या चुका झाकण्यासाठी ठेवलेलं. मिस्त्री वर पाणी ओततो, कारण काँक्रीट पातळ असलं की घमेल्यातून पटकन पडतं, व्हायब्रेटर कमी फिरवावा लागतो. मग ताकद कमी येते म्हणून इंजिनिअर सिमेंट वाढवायला सांगतो. एका बॅगेला २५ लिटर पाणी म्हणजे पाणी-सिमेंट प्रमाण ०.५०. ते ३२-३३ लिटर झालं की जवळपास तिसरा हिस्सा ताकद गेली. म्हणजे सिमेंट तेवढंच, कार्बन तेवढाच, काँक्रीट हलकं.

आयएस ४५६ घरातल्या, पावसापासून सुरक्षित सळाखी काँक्रीटला पाणी-सिमेंट प्रमाण जास्तीत जास्त ०.५५ आणि मध्यम झळ लागणाऱ्याला ०.५० सांगतो, सिमेंट किमान ३०० किलो, म्हणजे घनमीटरला सहाच बॅगा. स्लॅब पाऊस खातो, म्हणून इंजिनिअरने एम-२५ सांगितलं तर त्यामागे कारण आहे, ऐका. आठ आणि सहाच्या मधली जागा आपल्या हातात आहे.

ती मिळवण्यासाठी लॅबमधून मिक्स डिझाइन, म्हणजे तुमच्याच मालाचं तपासून ठरवलेलं प्रमाण, करून घ्या. जवळच्या शासकीय तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात चौकशी करा. तुमचीच रेती, दोन्ही मापांची गिट्टी प्रत्येकी एक पोतं आणि सिमेंटची एक बॅग द्यावी लागते. २८ दिवसांचे ठोकळे फोडल्याशिवाय पक्का आकडा येत नाही, म्हणून पाया खणायच्या आधीच माल पोचवा. प्लास्टिसायझर (कमी पाण्यातही काँक्रीट सैल ठेवणारं रसायन) घालून साडेसहा बॅगांच्या आसपास मिक्स बसणं अवघड नसतं. तेव्हा एका बॅगेला रेती-गिट्टी मिळून २९० किलोच्या आसपास येते, जुन्या प्रमाणात ती २४०-२५० असते. प्लास्टिसायझरचं प्रमाण डब्यावर असतं तेच पाळा, आणि ते नेहमी शेवटच्या दोन-तीन लिटर पाण्यात मिसळून टाका. कोरड्या मालावर ओतलं तर रेती पिऊन टाकते.

मिक्स डिझाइन वजनावर असतं, आणि साइटवर काटा नाही अशी सबब येते. तुमच्या घरी कापूस तोलायचा काटा असेलच. ४० बाय ३५ बाय २५ सेंटिमीटरची लाकडी पेटी करा, ती बरोबर ३५ लिटरची, म्हणजे एका बॅगेच्या मापाची होते. त्या दिवशीच्या रेतीने भरून काट्यावर तोला, गिट्टीने भरून तोला, आणि लॅबने दिलेल्या वजनाला किती पेट्या आणि कुठपर्यंत, तिथे खिळ्याने खूण करा. घमेल्याचा भरवसा नाही, सकाळचं घमेलं शिगोशीग आणि दुपारचं पाऊण असतं.

रेती ओली असेल तर दोन गोष्टी होतात. ती फुगते, पाव हिश्शापर्यंत सुद्धा, म्हणून मापाने मोजली तर प्रत्यक्षात कमी पडते. पारदर्शक बरणीत अर्ध्यापर्यंत ओली रेती भरा, उंची मोजा, पाणी भरून ढवळून बसू द्या. जेवढी खाली आली तेवढी फुगवट होती. दुसरं म्हणजे ती स्वतःच पाणी घेऊन येते. एका बॅगेच्या ८०-८५ किलो रेतीत ५ टक्के ओल असेल तर चार लिटर झाले, तेवढे बादलीतून कमी करा. उलट उन्हात तापलेली काळ्या दगडाची गिट्टी लिटर-दीड लिटर पिते. त्याच बरणीत गाळही दिसतो. रेतीवर बसलेला थर रेतीच्या ८ टक्क्यांहून जाड असेल तर ती धुवा किंवा परत पाठवा, गाळाच्या रेतीला जास्त पाणी लागतं.

पाणी कोणतं, हेही बघा. तुमच्या भागात फारशी अडचण नाही, पण हे वाचणारे कुणी अकोला, दर्यापूर, शेगाव बाजूच्या खारपाणपट्ट्यातले असतील तर बोअरचं पाणी तपासल्याशिवाय स्लॅबला घालू नका. सळाखी काँक्रीटच्या पाण्यात क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या आत लागतं.

सिमेंट एकदम आणून ठेवायची सवयही महाग पडते. तीन महिने पडलेल्या बॅगेची पाचव्या हिश्शाच्या आसपास ताकद जाते, पावसाळ्यात त्याहून लवकर. बॅगेवर उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष छापलेलं असतं, सहा आठवड्यांच्या आतला माल घ्या. फळीवर, भिंतीपासून फूटभर दूर, दहाच्या वर थप्पी नको.

इथवर एक हिशोब मांडतो. तुमच्या घरात सळाखी काँक्रीट साधारण २१ घनमीटर निघेल. घनमीटरला आठऐवजी साडेसहा बॅगा लागल्या तर तीसेक बॅगा वाचल्या. पीपीसीच्या ३० किलोने गुणलं तर जवळपास एक टन कार्बन, आणि तेवढ्या बॅगांचे पैसे.

आणखी तीन ठिकाणी बॅगा लपलेल्या असतात. पहिलं, स्लॅबचं पोट. स्लॅब वाकतो तेव्हा खालचा अर्धा भाग ताणला जातो आणि तो ताण सळाख घेते. तिथलं काँक्रीट सळाखीला धरून ठेवण्यापलीकडे फार काही करत नाही. सळाखींच्या जाळीतल्या चौकोनात काँक्रीटऐवजी हलकं काहीतरी ठेवलं तर चालतं, त्याला फिलर स्लॅब म्हणतात. तुमचं जुनं घर कवेलूचं, म्हणजे कौलारू असेल तर पाडताना कवेलू फेकू नका. एकावर एक तोंडाला तोंड लावून ठेवले की मधे पोकळी राहते, घरही थोडं गार राहतं. टाकण्याआधी कवेलू पाण्यात भिजवा, नाहीतर ते काँक्रीटचं पाणी ओढतील. भिंतीच्या आणि बीमच्या आधाराजवळ, छज्ज्यात आणि पायऱ्यांत भरणा नको. सळाखीचं अंतर कवेलूच्या मापावर ठरतं, म्हणून नकाशा इंजिनिअरकडूनच घ्या. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये १५ टक्के बचत धरली तरी तुमच्या मापात दहा-बारा बॅगा झाल्या. ज्या मिस्त्रीने हे कधी केलं नाही त्याच्याकडून आधी एका खोलीवर करून घ्या.

दुसरं प्लास्टर. १:६ चं १२ मिलिमीटर प्लास्टर १०० चौरस मीटरला साडेसहा बॅगा खातं. भिंत वाकडी बांधली आणि प्लास्टर २० मिलिमीटर झालं की ११. तुमच्या घरात आतून ३०० चौरस मीटर तरी प्लास्टर असेल, म्हणजे ओळंबा नीट न धरल्याची किंमत १३ बॅगा. रोजच्या रोज ओळंबा स्वतः बघा. मसाला पाणी घातल्यावर अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढाच कालवा, जेवणाच्या सुटीनंतर पाणी मारून पुन्हा उठवलेला मसाला भिंतीवर नको.

तिसरं अंगण. हल्ली घर झालं की अंगणही काँक्रीटचं करतात. ५०० फुटांचं अंगण, चार इंच, १:२:४, तीस बॅगा! म्हणजे मिक्स डिझाइनची सगळी मेहनत अंगणात ओतली. मुरूम धुमसून वर फरशीचे तुकडे, किंवा सारवलेलं अंगण. घरातले सारवायला तयार नसतील तर नुसता मुरूम चालतो, चिखल होत नाही.

परिस्थितीवर अवलंबून आहे ते असं. एकच मजला कायमचा असेल आणि इंजिनिअरला जमीन पसंत पडली तर कॉलम-बीमऐवजी नऊ इंची भिंतींवर स्लॅब टाकता येतो. कॉलमचं आणि बऱ्याच बीमचं काँक्रीट-लोखंड वाचतं. पण पुढे वर मजला चढवायचा असेल तर हे नको, आणि कोणत्याही बाबतीत लिंटलचा, म्हणजे दारं-खिडक्यांच्या वरचा, सलग पट्टा सोडू नका. सेवाग्रामची बापू कुटी माती-बांबूची आहे आणि १९३० च्या दशकापासून उभी आहे. ते काम माहीत असलेला माणूस आणि दरवर्षीची डागडुजी दोन्ही मिळणार असतील तर आतल्या भिंती मातीच्या ठेवायला माझी हरकत नाही. नुसत्या हौसेने करू नका, वाळवी लागली की पुन्हा सिमेंटच येतं.

‘एलसी३’ या कमी क्लिंकरच्या नव्या सिमेंटबद्दल कुणीतरी विचारेलच. त्यात क्लिंकर निम्माच असतो, ३० टक्के भाजलेली चिनी माती, १५ टक्के न भाजलेली चुनखडी आणि ५ टक्के जिप्सम. माती ७००-८५० अंशांवरच भाजावी लागते आणि तिच्या पोटात कार्बन नसतो. भारतीय मानक २०२३ मध्ये आलं, आयएस १८१८९. आपली काळी माती यात चालत नाही, कारण तिच्यात केओलिन नाही, फुगणारं मॉन्टमोरिलोनाइट आहे. दुकानात मिळालं तर जरूर घ्या, पण त्यासाठी बांधकाम थांबवू नका.

पायाबद्दल मी मुद्दाम काही लिहिलेलं नाही, कारण त्याचं उत्तर तुमच्या प्लॉटखाली आहे. काळी माती चार-पाच फुटांवर संपून मुरूम लागत असेल तर मुरमापर्यंत खोदून साधा पाया बसतो. दहा-बारा फूट काळीच असेल तर चौड्या फुटिंगमध्ये काँक्रीट ओतत बसण्यापेक्षा साडेतीन मीटर खोल, तळाला फुगवटा असलेले अंडर-रीम्ड पाइल कमी मालात जास्त भरवशाचे पडतात. प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत खड्डे खणा, मुरूम किती फुटांवर लागला आणि उन्हाळ्यात जमिनीला भेगा किती खोल जातात ते इथेच लिहा. पायाच्या बॅगांचा हिशोब मग मांडू.